महाविद्यालयातील कलाकक्ष : उभारणी, रचना आणि अपूर्ण कामाचा प्रश्न

प्रस्तावना

वर्गखोली, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडांगण यांची रचना कशी असावी, याविषयी महाविद्यालयीन शिक्षणक्षेत्रात स्थूलमानाने एकमत झालेले आहे. कलानिर्मितीसाठी लागणाऱ्या जागेबाबत मात्र असा विचार क्वचितच होतो. वाङ्मय, विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या महाविद्यालयांत चित्रकला किंवा मूर्तिकाम यांकडे स्नेहसंमेलनापुरते पाहण्याची सवय दीर्घकाळ राहिली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली, तेव्हा सहअभ्यासक्रमांच्या गटात ललित, उपयोजित व दृश्य कलांना स्थान मिळाले. त्यामुळे 'कलेसाठी एक खोली द्यावी' ही मागणी आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पुढे येत आहे.

खोली देणे आणि कलाकक्ष उभा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्गखोली दर तासाला रिकामी होते आणि रिकामी होण्यातच तिची उपयुक्तता असते. कलाकक्षात तासाच्या शेवटी अर्धे रंगवलेले चित्र, ओली माती आणि न सुकलेला ठसा मागे उरतो. हे अपूर्ण काम दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे सापडेल, अशी हमी जी जागा देते तीच कलाकक्ष या नावास पात्र ठरते. प्रस्तुत लेखात जागा, प्रकाश, पाणी, साठवण, सुरक्षितता आणि वेळापत्रक या अंगांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

१. कामाच्या जागेची परंपरा

महाराष्ट्रात कलाशिक्षणासाठी स्वतंत्र जागा निर्माण करण्याचा इतिहास मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेपासून सुरू होतो. ही संस्था १८५७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरत असत. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग येथे अध्यापनासाठी आले आणि १८६६ च्या सुमारास आलंकारिक चित्रण, प्रतिरूपण व शोभिवंत लोहकाम यांच्या स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाल्या. संस्थेची आजची मुख्य वास्तू १८७८ मध्ये पूर्ण झाली, तर १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कलाकार्यशाळांची जोड मिळाली. या क्रमातून एक गोष्ट दिसते. वास्तू नंतर आली. कामाच्या स्वरूपानुसार जागा विभागण्याची गरज तिच्या आधीच लक्षात आली होती. लोखंड तापवण्याची जागा आणि कागदावर रेखाटन करण्याची जागा एक असू शकत नाही.

कलाशाळेच्या बाहेरही हे ज्ञान परंपरेने चालत आलेले आहे. पेण परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने आणि कोकणात 'गणपतीची शाळा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरगुती कार्यशाळा ही त्याची उत्तम उदाहरणे होत. माती मळणे, साच्यातून मूर्ती काढणे, ती सुकवणे, घासून साफ करणे, रंग देणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणे, या प्रत्येक टप्प्याला आपली जागा असते. कारखान्यात शिरताच नजरेत भरतात त्या मांडण्या, आणि त्यांवर ओळीने ठेवलेल्या निरनिराळ्या टप्प्यांवरील अपुऱ्या मूर्ती. काम करणाऱ्याला बसायला जेवढी जागा लागते तिच्या कितीतरी पट जागा कामाला थांबायला लागते, हे या कारागिरांना वेगळे सांगावे लागत नाही. नव्याने आखलेल्या कलाकक्षात मात्र नेमके हेच प्रमाण उलटे असते.

स्वातंत्र्योत्तर काळात कलावंतांनी एकत्र काम करण्याच्या जागाही महत्त्वाच्या ठरल्या. मुंबईतील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये १९५० व १९६० च्या दशकांत वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, नसरीन मोहमदी आदी चित्रकारांना कामासाठी जागा मिळाल्या होत्या. त्याच वास्तूत नाटक आणि संगीत यांचीही साधना चाले. १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी नेहरू अभ्यासवृत्तीच्या आधारे मुंबईत 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' सुरू केले. तेथे चित्रकारांना छायाचित्रण, चित्रपट आणि मुद्राचित्रण यांची साधने एकत्रितपणे वापरता येत. १९७६ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीतील गढी येथे चित्र, शिल्प, मृत्पात्री व मुद्राचित्रण यांसाठी सामूहिक कार्यशाळा उघडल्या. एकट्याला न परवडणारी साधने आणि जागा समूहाने वाटून घेणे, हे या उपक्रमांचे समान सूत्र होते. महाविद्यालयाला ते थेट लागू पडते.

२. जागेची निवड आणि क्षेत्रफळ

कलाकक्षासाठी तळमजला सर्वाधिक सोयीचा असतो. माती, प्लॅस्टर, लाकूड यांची पोती व फळ्या वर चढवाव्या लागत नाहीत, पाण्याचा निचरा सोपा होतो आणि लगतचा व्हरांडा किंवा अंगण कामाला जोडून घेता येते. केवळ चित्रकाम व्हायचे असेल तर वरचा मजला अधिक उजेडाचा असल्यामुळे चालू शकतो. शिल्पकाम व मृत्पात्रीसाठी तो टाळावा. जिन्याखालची किंवा खिडकी नसलेली खोली कोणत्याही कारणाने स्वीकारू नये.

विद्यार्थिसंख्या ठरवताना वर्गखोलीचे गणित उपयोगी पडत नाही. उदाहरणार्थ, ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशा ५४ चौरस मीटरच्या खोलीत बाके लावून साठ विद्यार्थी व्याख्यान ऐकू शकतात. त्याच खोलीत एका बाजूला दीड मीटर रुंदीचा पट्टा पाणी व साठवणीसाठी सोडला तर ९ चौरस मीटर आणि मध्ये वस्तुमांडणी किंवा मॉडेलसाठीच्या चौथऱ्याला सुमारे ४ चौरस मीटर जागा जाते. उरलेल्या ४१ चौरस मीटरमध्ये प्रत्येकी अडीच चौरस मीटर धरल्यास सोळा विद्यार्थी काम करू शकतात. हे अडीच चौरस मीटर म्हणजे चैन नव्हे. चित्र काढणाऱ्याला वारंवार मागे सरून आपले काम अंतरावरून पाहावे लागते. मागे सरण्याची सोय नसेल तर प्रमाण आणि छायाप्रकाश यांतील दोष त्याच्या ध्यानात येत नाहीत. मोठ्या वर्गाचे गट पाडून आठवड्याचे दिवस वाटून देणे हाच येथे व्यवहार्य मार्ग होय.

आसनव्यवस्था हलती असावी. उभे ईझल, मांडीवर किंवा टेबलावर ठेवण्याचे चित्रफलक आणि ज्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसून समोर फलक टेकवता येतो ते लाकडी बाक, ज्याला कलाविद्यालयांत 'डाँकी' म्हणतात, एवढ्या साधनांत बहुतेक गरजा भागतात. जमिनीला जडवलेली बाके प्रथम काढावीत. फरशी साधी, न घसरणारी आणि धुता येईल अशी असावी. कारण रंग सांडणारच. भिंती पांढऱ्या किंवा फिक्या करड्या असाव्यात. गडद वा रंगीत भिंतीवरून परावर्तित होणारा उजेड कागदावरील रंगाचा भास बदलतो.

३. प्रकाश

चित्रशाळेला उत्तरेचा उजेड हवा, असे कलाशिक्षणात परंपरेने सांगितले जाते. युरोपात उत्तरेच्या खिडकीतून जवळजवळ वर्षभर आकाशाचा पसरट उजेड येतो. त्यात दिवसभर फारसा बदल होत नाही आणि सावल्या स्थिर राहतात. हा नियम महाराष्ट्रात जसाच्या तसा लागू होत नाही, कारण संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. कोल्हापूरकडे हा काळ अधिक, तर नागपूरकडे कमी असतो. याशिवाय २१ मार्च ते २३ सप्टेंबर या सहा महिन्यांत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवून पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळी आणि सायंकाळी कोवळे ऊन थेट आत येते.

उत्तरेची खिडकी आपल्याकडेही सर्वांत चांगली. परंतु तिला साहाय्य लागते. माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने तो साध्या छज्ज्याने अडतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून शिरते, म्हणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे पडदे, पाट्या किंवा बाहेर झाडे असावी लागतात. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर कामास निरुपयोगी ठरते. तेथे साठवणीचे कप्पे करावेत, मात्र त्यांवर ऊन पडणार नाही असा जाड पडदा लावावा. पावसाळ्यात ढगाळ आकाशामुळे उजेड मंदावतो आणि शैक्षणिक वर्षाची सुरुवात तर त्याच काळात होते. म्हणून कृत्रिम प्रकाशाची सोय आवश्यक आहे.

दिवे निवडताना तीन बाबी पाहाव्यात. पहिली, प्रकाशाचे प्रमाण : युरोपीय प्रकाशमानकात शाळांतील कलावर्गासाठी ५०० लक्स आणि कलाविद्यालयांतील कलाकक्षांसाठी ७५० लक्स सुचवलेले आहेत. दुसरी, रंग खरा दाखवण्याची क्षमता : हा निर्देशांक १०० पैकी ९० किंवा अधिक असलेले एलईडी दिवे घ्यावेत, स्वस्त दिव्यांत तो बहुधा ८० च्या आसपास असतो आणि त्यांच्या उजेडात लाल छटा विशेषतः मलूल दिसतात. तिसरी, दिव्याची छटा : ५००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश दिवसाच्या उजेडाशी जुळतो. एकाच खोलीत पिवळे आणि पांढरे दिवे मिसळू नयेत. वस्तुचित्रणासाठी एक हलवता येणारा दिवा वेगळा ठेवल्यास मांडणीवर एकाच दिशेने प्रकाश टाकता येतो.

४. पाणी आणि निचरा

अनेक ठिकाणी कलावर्गासाठी दिलेल्या खोलीत नळच नसतो. विद्यार्थी स्वच्छतागृहातील बेसिनमध्ये कुंचले धुतात, बेसिन तुंबते, तक्रार होते आणि काही काळाने वर्ग बंद पडतो. म्हणून खोली ठरवताना सर्वप्रथम पाण्याची वाट पाहावी. व्हरांड्यात किंवा बाहेरच्या भिंतीला लागून, रुंद व खोल अशी सिमेंटची किंवा कडाप्पा दगडाची मोरी सर्वांत टिकाऊ ठरते. तिच्या निचऱ्याच्या मार्गात गाळ बसण्यासाठी उघडता येणारी कुंडी असावी.

प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्याखालीही घट्ट होते. म्हणजे प्लॅस्टरचे भांडे नळाखाली धुणे हे नळी कायमची बंद करण्यासारखे आहे. यावर साधा उपाय तीन बादल्यांचा. हात व अवजारे पहिल्या बादलीत, मग दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या बादलीत धुवावीत. रात्रभरात गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी पुन्हा वापरता येते, मातीचा गाळ पुन्हा मळता येतो आणि प्लॅस्टरचा गाळ सुकवून कचऱ्यात टाकता येतो. माती आणि प्लॅस्टर यांच्या बादल्या कधीही एक करू नयेत, कारण मातीत मिसळलेला प्लॅस्टरचा कण भाजल्यानंतर ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

५. साठवण : अपूर्ण कामाचे घर

कलाकक्षाचे यशापयश बहुतांशी येथे ठरते. जलरंगाचे काम एका बैठकीत पूर्ण होऊ शकते. तैलरंगाचा एक थर सुकायला अनेक दिवस लागतात. मातीचे काम तर दोन्ही बाजूंनी अडचणीचे : ते सुकू दिले तर पुढे आकार देता येत नाही, आणि घाईने सुकवले तर तडकते. एका तासात मांडून एका तासात आवरायचे असेल तर विद्यार्थी नकळत तेवढ्याच वेळात मावणारे काम निवडू लागतो. भेटकार्ड आणि पोस्टर यांच्यापलीकडे तो जात नाही. यात दोष त्याच्या कुवतीचा नसून ठेवायला जागा नसण्याचा असतो.

साठवणीची रचना साहित्याच्या मापावरून ठरवावी. चित्रकलेचा पूर्ण आकाराचा इंपिरियल कागद २२ × ३० इंचांचा, म्हणजे सुमारे ५६ × ७६ सेंटिमीटरचा असतो. कार्यालयातील नेहमीच्या पोलादी कपाटाची आतली खोली ४५ ते ५० सेंटिमीटर असल्याने हा कागद त्यात सपाट मावत नाही. मग तो गुंडाळला जातो, त्याला घड्या पडतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. त्याऐवजी ६० सेंटिमीटर खोल व ८० सेंटिमीटर रुंद अशा उथळ लाकडी कप्प्यांची मांडणी स्थानिक सुताराकडून करून घेता येते. कॅनव्हास उभे ठेवण्यासाठी खाचांचा घोडा करावा, म्हणजे ओले पृष्ठभाग एकमेकांना लागत नाहीत. ओले जलरंग आणि ठसे वाळवण्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली दोरी आणि कपड्यांचे चिमटे पुरेसे असतात. मातीच्या कामावर ओले फडके व त्यावर प्लॅस्टिक गुंडाळून ते सावलीतील खालच्या फळीवर ठेवावे.

कोकणातील व घाटमाथ्यावरील दमट हवेत कागदाला बुरशी लागते. यासाठी मांडण्या बाहेरच्या भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर दूर आणि जमिनीपासून वर उचललेल्या असाव्यात. त्यांच्या मागून हवा खेळली पाहिजे. प्रत्येक कामाला नाव, वर्ग व दिनांक असलेली चिठ्ठी लावावी. सत्र संपताना प्रत्येकाने आपले काम घरी न्यावे हा नियमही तितकाच आवश्यक. अन्यथा दोन वर्षांत मांडण्या बेवारस चित्रांनी भरतात आणि नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

६. आरोग्य आणि सुरक्षितता

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जी दक्षता स्वाभाविक मानली जाते, तीच कलाकक्षात अपेक्षित आहे. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी निर्माण होऊ शकते. विदर्भात उन्हाळ्यातील तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, हे लक्षात घेता त्याचा साठा अत्यल्प, घट्ट झाकणात आणि ज्योतीपासून दूर ठेवणे अनिवार्य ठरते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून टाकल्यास तेलाच्या ऑक्सिडीकरणाने उष्णता साचते आणि ती आपोआप पेटू शकतात. अशी फडकी पसरून सुकवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. सर्वसाधारण महाविद्यालयाने आरंभी जलरंग, पोस्टर रंग व ॲक्रिलिक यांवरच भर देऊन तैलरंग मर्यादित ठेवणे शहाणपणाचे होय.

सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा होते. त्यामुळे मातीकामाची खोली कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी. हा धोका विद्यार्थ्यापेक्षा दररोज साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याला अधिक असतो, म्हणून त्याला ही माहिती आवर्जून द्यावी. कॅडमियम, शिसे व क्रोमेट असलेल्या रंगांची भुकटी हाताळू नये आणि कामाच्या टेबलावर डबा उघडून जेवू नये. धातूवरील आम्लरेखनात नायट्रिक आम्लातून विषारी वायू बाहेर पडतो. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. समोरासमोरच्या खिडक्या, एक हवा बाहेर फेकणारा पंखा, वाळूची बादली, अग्निशामक आणि प्रथमोपचारपेटी ही किमान सामग्री समजावी.

७. वेळापत्रक आणि किल्ली

उत्तम रचलेला कक्षही बंद राहिल्यास निरर्थक ठरतो. उद्घाटनाच्या दिवशी सजलेली आणि पुढे मूल्यांकन समितीच्या भेटीपुरतीच उघडणारी खोली अनेक प्राध्यापकांच्या परिचयाची असेल. तिला कुलूप लागण्याचे कारण बहुधा साधे असते : सामानाची जबाबदारी एकाच व्यक्तीवर टाकलेली असते आणि ती व्यक्ती आपले मुख्य अध्यापन सांभाळून तेथे उपस्थित राहू शकत नाही. जबाबदारी विभागली तर कुलूप उघडते. महागडी साधने एका बंद कपाटात, दैनंदिन साहित्य खुल्या मांडणीवर. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन विद्यार्थी प्रमुख. येण्याजाण्याच्या नोंदीची वही. आणि सत्राच्या अखेरीस सामानाची मोजणी, अशी व्यवस्था ग्रंथालय व जिमखाना यांच्या अनुभवातून सहज बसवता येते.

तासिकांची आखणीही वेगळी हवी. साहित्य मांडणे व आवरणे यांत अर्धा तास जातो. साठ मिनिटांच्या तासिकेत प्रत्यक्ष कामास तीसच मिनिटे उरतात; दोन तासिका जोडल्यास ती नव्वद होतात. वेळ दुप्पट केल्याने काम तिप्पट होते, हा हिशेब वेळापत्रक समितीपुढे मांडण्यासारखा आहे. याशिवाय तासिकेबाहेरची काही वेळ, दुपारची किंवा वर्ग सुटल्यानंतरची, 'मुक्त काम' म्हणून राखून ठेवावी.

८. उभारणीचा क्रम

मर्यादित निधीत सर्व एकाच वेळी होणे शक्य नसते. अशा वेळी साधने आधी आणि सोयी नंतर, हा प्रचलित क्रम बदलावा. पहिल्या टप्प्यात पाणी, निचरा, वायुवीजन आणि दिवे. दुसऱ्या टप्प्यात कागद, कॅनव्हास व माती यांच्या मांडण्या. तिसऱ्या टप्प्यात फलक, डाँकी व ईझल. आणि वापर स्थिरावल्यावर चौथ्या टप्प्यात मुद्रणयंत्र किंवा विद्युत भट्टी घ्यावी. मृत्पात्रीची पहिली भाजणी साधारणतः १००० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. तीसाठी बहुधा थ्री-फेज वीजजोडणी, स्वतंत्र बंदिस्त जागा आणि प्रशिक्षित व्यक्ती लागते. या तिन्हींची खात्री नसताना खरेदी केलेली भट्टी ही शोभेची वस्तू होऊन बसते. जवळपास कुंभारवाडा असेल तर आरंभीची भाजणी तेथे करून घेणे स्वस्त तर आहेच, शिवाय विद्यार्थ्याला परंपरागत ज्ञानाशी जोडणारे आहे.

समारोप

शालेय वयात शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेले अनेक विद्यार्थी महाविद्यालयात येतात. त्यांपैकी कित्येकांचे चित्र काढणे येथेच थांबते. दोन खोल्यांच्या घरात, जेथे एकाच जागेवर स्वयंपाक, अभ्यास आणि झोप होते, तेथे ओले चित्र चार दिवस भिंतीला टेकवून ठेवता येत नाही. ज्याच्या घरी जागा आहे तो कलेत पुढे जातो आणि ज्याच्या घरी ती नाही तो मागे राहतो. पुढे याच फरकाला गुणवत्तेचा फरक समजले जाते. महाविद्यालयाचे ग्रंथालय ज्याप्रमाणे पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्याची उणीव भरून काढते, त्याप्रमाणे कलाकक्षाने घरी जागा नसलेल्याची उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

त्यासाठी भव्य दालनाची गरज नाही. छज्जा व आडोसा असलेली उत्तरेची खिडकी, गाळ अडवणारी मोरी, साठ सेंटिमीटर खोलीची मांडणी, जोडतासिका आणि अनेकांच्या जबाबदारीवर उघडणारे दार एवढ्यांतून सुरुवात करता येते. कलाकक्षाचे मूल्यमापन करताना भिंतीवर टांगलेल्या पूर्ण चित्रांबरोबरच मांडणीवर किती अपूर्ण कामे सुरक्षित आहेत, हेही मोजले जावे.